चांगुणाबाईंचं पुण्यानुमोदन

अमडापूर, ता. चिखली
१८ नोव्हेंबर

मंजू,

जय भीम. परवा दुपारी तू फोन केला, तो मीच उचलला होता. तू हॅलो हॅलो करत राहिली आणि मग, ‘आई, तुलाही आता माझ्याशी बोलायचं नसेल तर राहू दे,’ म्हणून ठेवून दिला. मी बोलत होते, बाई. सगळं बोलले. तुझ्या काजलचा दहावीचा अभ्यास कसा चालला तेही विचारलं. पण माझ्या घशातून आता आवाज निघत नाही. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघते. ती चुलीपासून ओसरीवर पोचत नाही, तर नाशिकला कुठून पोचणार?

म्हणून हे पत्र. लिहिणारी तुझी भावजय, छाया. तोंड वाकडं करू नको. तू तिचा नंबर बंद करून ठेवला नसता तर पोस्टाचं तिकीट लागलं नसतं. ती माझ्या तोंडाशी कान लावते, मी फुसफुसते, आणि ती ते अंगणवाडीतल्या बाईला शोभेल असं शुद्ध करून लिहिते. मी ‘मले’ म्हटलं की कागदावर ‘मला’ होतं. मी शाळेची पायरी चढले नाही, पण या पत्रात चढल्यासारखी वाटेन.

झालं ते असं. दसऱ्यानंतर माझ्या पोटात कळ आली. आतड्याला पीळ पडला होता म्हणे. चिखलीने बुलढाण्याला पाठवलं, बुलढाण्याने औरंगाबादला. ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतर श्वास धड येईना, म्हणून गुंगीसाठी घशात घातलेली नळी काढलीच नाही आणि मला तशीच मशीनवर ठेवली. किती दिवस ते तुझ्या भावाला, प्रसेनजितला विचार. मी तिथं नव्हते.

नळी काढल्यावर वाटलं, घसा बसला असेल. सगळे म्हणाले, बसतोच. शेजारच्या सरस्वतीबाईने ज्येष्ठमध दिलं, छायाने हळदीचं दूध दिलं. वाट पाहण्यातच महिना गेला. मग घशाच्या डॉक्टरीणबाईने नाकातून कॅमेरा घालून पाहिलं. म्हणाली, आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, फाटकासारख्या. त्यातली एक नळीमुळे अधू झाली. एक फाटक हलतं, दुसरं जागचं हलत नाही. मधून हवा निसटते. मी म्हटलं, चूक कोणाची? ती म्हणाली, आजी, नळी घातली नसती तर हे विचारायला तुम्ही राहिल्याच नसत्या. हे मला पटलं. ती असंही म्हणाली की कुजबुजू नका, त्यानेही घशावर ताण येतो. म्हणजे हे पत्र सांगणं हाही गुन्हाच समज.

एक गंमत सांगायची राहिली. मी मशीनवर असताना इथं मेले होते. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही. प्रसेनजितने घरी फोन लावला, पण त्याला रडूच फुटलं, शब्द निघेना. फोन आपल्या भावकीतल्या तुळशीरामच्या हातात होता. त्याने रडणं ऐकलं आणि जे समजायचं ते समजून घेतलं. अर्ध्या तासात आपल्या अंगणात सतरंजी पडली. माझ्या फोटोला हार घातला, लोक जमले, त्रिशरण झालं. सरस्वतीबाई म्हणते, तुह्यासाठी मी इतकी रडली वं, आता खरी जाशील तेव्हा पाणी कुठून आणू? संध्याकाळी दुसरा फोन आला की मी आहे. तुळशीराम मान खाली घालून सतरंजी घेऊन गेला.

तुझे बाबा बरे आहेत. हल्ली ओसरीवरच झोपतात.

तुझी,
आई

३ डिसेंबर

मंजू,

तुझं पत्र मिळालं. छायाने वाचून दाखवलं. तिच्याबद्दल जे लिहिलंस तेही तिने वाचलं, काही गाळलं नाही. मला ही पोरगी उगाच आवडत नाही.

तुला कोणी कळवलं नाही म्हणून तू रागावलीस. रागाव. प्रसेनजितने कळवायला हवं होतं. पण या घरात तुझं नाव काढायचं तर आधी घसा खाकरावा लागतो, हे तुला ठाऊक आहे.

बाबा बरे आहेत असं मी लिहिलं. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आता नीट सांगते.

मी दवाखान्यातून आले, गाडीतून उतरले, तेव्हा ते ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. काचबिंदूने डोळे गेल्यापासून ते असेच उभे राहतात, माझ्या हाकेच्या दिशेने तोंड करून. मी म्हटलं, आले मी. हवा निघाली. त्यांनी विचारलं, कोण हाय? प्रसेनजित म्हणाला, बाबा, आई आली. ते म्हणाले,

“प्रसेनजित, तुही माय गेली तं गेली. आंधळ्या बापाले खेळवू नको.”

त्यांचं डोकं फिरलेलं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा हिशेब सरळ आहे. रडण्याचा फोन आला, लोक बसून गेले, त्रिशरण झालं. मग दुसरा फोन. तो म्हातारा दुःखाने मरेल या भीतीने केलेला. आणि मग पोराने कुठलीशी गरजू बाई आणून घरात ठेवली. आंधळ्याला काय कळतंय म्हणून. डोळे गेल्यापासून मी त्यांच्यासाठी नुसता आवाज होते. आवाज गेला तर मागे राहिलं काय?

मी हात धरायला गेले तर झटकन मागे घेतला. परक्या बाईने हात धरू नये, म्हणाले. हात तरी ओळखू येण्यासारखा कुठं राहिला आहे? हाडं राहिली आहेत, सलाइनच्या सुईने मागची बाजू सुजली आहे, आणि बांगड्या दवाखान्यात कापून काढल्या.

मग त्यांनी परीक्षा घेतली. लग्नात माझ्या बापाने त्यांना काय दिलं होतं? मी फुसफुसले, घड्याळ, आणि ते उसनं होतं म्हणून पाचपरतावणीला परत नेलं. ते म्हणाले,

“हे तं अख्ख्या अमडापूरले मालूम हाय. माही बायको कोणती गोष्ट पोटात ठेवत होती?”

मी एकही गोष्ट पोटात ठेवली नाही, ती आज अशी अंगावर आली.

आता ते ओसरीवर झोपतात, कारण आत परकी बाई आहे. या थंडीत. प्रसेनजित आणि छाया खोटारडे, म्हणून त्यांच्या हातचं जेवत नाहीत. तुळशीरामकडून भाकरी येते, तिचा चतकोर खातात. सदरा खांद्यावरून उतरायला लागला आहे. आणि एकच हट्ट धरून बसले आहेत, की चांगुणाचं, म्हणजे माझं, पुण्यानुमोदन, मेल्यामागची वंदना आणि जेवण, झालं नाही, ते करा. त्याशिवाय धड जेवणार नाही म्हणतात. तुळशीरामने हात जोडून सांगितलं, दयारामदादा, चूक माही झाली, वहिनी जित्या हायत. ते म्हणाले, तुले माह्या पोरानं शिकवलं.

माझा फोटो अजून भिंतीला आहे, हारासकट. रोज सकाळी विचारतात, हार ताजा हाय का? छाया अंगणवाडीत गेलेली असते. म्हणून तो मीच बदलते. झेंडू परसातला आहे.

आता मागणं. तुझा आवाज माझा आहे. लग्नाआधी तू फोन उचललास की माझी बहीण तुला ‘अक्का’ म्हणून अर्धा तास गाऱ्हाणी सांगायची आणि तू हूं हूं करत ऐकून घ्यायची, नालायक. फोन कर. छाया बाबांच्या कानाशी धरेल. एवढंच म्हण, ‘अहो, ऐकलं का, जेवले का?’ मी रोज म्हणायची तसं, शेवटचा शब्द ओढून. ते जेवतील. मी समोर बसून ओठ हलवीन.

तुझी,
आई

ताई, हे मी माझ्या मनाने लिहीत आहे. आई समोर बसल्या आहेत, त्यांना वाटतं मी पत्ता लिहिते. त्यांना पाणी पिताना दर वेळी ठसका लागतो. ती पट्टी बंद होत नाही, म्हणून पाणी फुप्फुसाकडे जातं. हनुवटी खाली करून प्यायला सांगितलं आहे, तरी जातं. ठसक्याच्या भीतीने त्यांनी पाणीच कमी केलं. अंगात कणकण असते, तापमापी लावू देत नाहीत. — छाया

१६ डिसेंबर

मंजू,

तू नाही म्हणालीस. छायाने दोनदा वाचलं, मला एकदाच पुरलं होतं.

तू लिहितेस, समाजाच्या बैठकीत सगळ्यांदेखत ज्यांनी ‘मले पोरगी नाही’ म्हटलं, त्यांना आता माझा आवाज कशाला हवा? आणि तोही ‘आईचा’ म्हणून? बरोबर आहे. दुसऱ्यांचे मोडके संसार जोडणारा पंच, आणि स्वतःची पोरगी कडेवर काजलला घेऊन सोडचिठ्ठी मागते. त्यांना लोकांत तोंड राहिलं नाही, म्हणून त्यांनी तुलाच पुसून टाकलं. बारा वर्षं मी दुपारी त्यांचा डोळा लागला की परसात जाऊन तुझ्याशी बोलले. ते जागे असायचे की नाही, मला आजही माहीत नाही. मी तुला आग्रह करणार नाही. मागणं मागे घेतलं.

इकडे मात्र एक नवल घडलं. त्यांनी मला ठेवून घेतलं.

म्हणजे असं. तुळशीरामच्या घरी लग्नाची गडबड, एक दिवस भाकरी आली नाही. मी थाळी नेऊन ओसरीवर ठेवली आणि लांब बसले. ते म्हणाले, बाई, तुमचा काय दोष? तुम्ही पोटासाठी आल्या असान. आणि जेवले. अर्धी भाकरी जेवले, मंजू. वांग्यात मीठ कमी आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, जन्मभर जास्त आहे म्हणून ओरडलास, मेल्या.

तेव्हापासून ते माझ्या हातचं खातात, आणि मला माझ्याबद्दल सांगतात. मी हूं तेवढं करते. चांगुणा निंदायला गेली की तिच्या बोलण्याने बायांची पात कशी भराभरा पुढं सरकायची. चांगुणा गर्दीच्या बाजारातही लांबून कशी ऐकू यायची. डोळे गेले तेव्हा तिने एकदाही हाय म्हटलं नाही, उलट म्हणाली, बरं झालं, आता मी म्हातारी दिसणार नाही तुम्हाला. हे मी म्हटलं होतं, खरं आहे. त्यांनी जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. जिवंतपणी या माणसाने मला ‘भाजी बरी झाली’ एवढंसुद्धा म्हटलं नाही. बाईने कौतुक ऐकायचं तर आधी मरावं आणि मग मोलकरीण होऊन परत यावं.

काल त्यांनी विचारलं, बाई, तुमचं कोणी हाय का? ते मी जसंच्या तसं लिहायला सांगते.

मी म्हटलं, “हाय. म्हातारा हाय.”

“मंग त्याले टाकून इथं काऊन आल्या?”

“त्यानं मले वळखलं नाही.”

ते हाताने खांब चाचपत राहिले. मला वाटलं, आता. आता कळलं. मी श्वाससुद्धा धरून ठेवला.

“वळखन,” ते म्हणाले. “धीर धरा. माणूस आवाजावर जाते, बाई. थोडा टाइम लागते.”

आणि तोंड फिरवून बसले.

डॉक्टरीणबाई म्हणते, त्या अधू पट्टीत इंजेक्शन देऊन ती फुगवता येते, म्हणजे दोन्ही पट्ट्या मिळतात, आणि थोडाफार आवाज येतो. ठसकाही कमी होतो. जानेवारीच्या सुरुवातीला बोलावलं आहे. पहिल्यासारखा आवाज येईल का विचारलं, तर म्हणाली, आजी, वचन नाही देत. म्हणजे कदाचित तिसऱ्याच बाईचा येईल. तरी मी जाणार आहे. मला त्यांना एकदा माझ्या नावाने हाक मारायला लावायची आहे. बाकी काही नको.

तुझी,
आई

ताई, ताप आहेच. छातीत घरघर ऐकू येते. चिखलीच्या डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं, आई म्हणाल्या, इंजेक्शनला जाऊ तेव्हा सगळं एकदमच करू. आवाजासाठी त्या कुठंही यायला तयार आहेत, तापासाठी नाही. तुम्ही मला कितीही वाईट समजा, पण एकदा फोन करा. — छाया

३० डिसेंबर

मंजू,

छायाने तुला काय काय लिहिलं ते मला माहीत आहे. मला वाचता येत नाही, पण माझं सांगून संपल्यावरही तिचं पेन चालूच होतं, एवढं कळतं. पत्ता काही इतका लांब नसतो. मी तिला बोलले नाही. तूही बोलू नको. तू तिचा नंबर चालू केलास, चांगलं केलंस.

परवा रविवारी तू फोन केलास. तुला तिकडे नुसतं ऐकू आलं, इकडे काय झालं ते दिसलं नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र. मला दम लागतो आहे, म्हणून छाया थांबत थांबत लिहीत आहे. दोन दिवस लागतील.

छायाने फोन त्यांच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. मी खांबापाशी बसले होते, ओठ तयार ठेवून. तू म्हणालीस, “अहो, ऐकलं का, जेवले का?” शब्द न शब्द माझा. शेवटचं ओढणंसुद्धा. माझ्याच अंगावर काटा आला. वाटलं, ही बाई इतके दिवस कुठं होती?

त्यांचा चेहरा आधी नुसता उघडला. लहान पोराचा उघडतो तसा. मग हळूहळू मिटला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला.

“मंजू?” ते म्हणाले.

सगळ्या जगाला आपले आवाज सारखे वाटले, मंजू. तुझ्या मावशीला, सरस्वतीबाईला, प्रसेनजितलासुद्धा. त्यांना एकदाही वाटले नव्हते. बारा वर्षांत तुझा शब्द कानावर पडला नव्हता, तरी त्यांनी एका वाक्यात तुला उचलून बाजूला काढलं.

पुढचं तू ऐकलंस. “तुही माय गेली, पोरी. तुले कोणी सांगतलं नसन. मीच सांगाले पाह्यजे होतं.” तू ‘नाही बाबा, आई आहे, तिथंच आहे’ म्हणत होतीस, आणि ते ‘नाई बाई, नाई’ म्हणून तुला समजावत होते, जसं मेलेल्याच्या घरी समजावतात. मग म्हणाले, ये. तुह्याबिगर कार्यक्रम करत नाही मी.

फोन ठेवल्यावर ते रडले. मी त्यांना त्यांच्या बापाच्या मरणाला रडताना पाहिलं नाही, स्वतःचे डोळे गेले तेव्हा पाहिलं नाही. मी वीतभर अंतरावर बसले होते. डोळे पुसायला पदर होता. परक्या बाईने पुसायचे नसतात म्हणून पुसले नाहीत.

मग तोंड धुतलं, आणि मला म्हणाले, “बाई, माही पोरगी येऊन राह्यली.”

माही पोरगी. मी म्हटलं, येऊ द्या. तेवढंच निघालं.

आता तू छायाला निरोप दिलास की येते आणि आल्याबरोबर त्यांचा हात माझ्या हातात देते, सगळं मोकळं करते. मंजू, ते करायचं नाही. नीट ऐक. तू तसं म्हणालीस की तूही प्रसेनजितच्या, छायाच्या, तुळशीरामच्या रांगेत जाऊन बसलीस. आंधळ्याला खेळवणारी आणखी एक. बारा वर्षांनी पोरगी आली, तीही खोटं बोलायला. ते तोंड फिरवून बसतील आणि तुझ्यासाठी ती ओसरी पुन्हा बंद होईल. मी बारा वर्षं जिवंत राहून त्यांच्याकडे तुझं नाव काढलं, ते ऐकलं न ऐकलं करत राहिले. मेले, तर तिसऱ्या महिन्यात तुला बोलावलं. मग मी कशाला मध्ये पडू?

प्रसेनजितने १२ तारीख धरली आहे. गावाला सांगितलं आहे की आई दवाखान्यातून वाचून आली म्हणून घरी वंदना आहे. बाबांना सांगितलं आहे, पुण्यानुमोदन आहे. वंदना तीच, खीर तीच. भन्तेजींना विचारलं तर ते थोडं हसले आणि म्हणाले, मंगल कामना दोन्हीकडे लागू पडते.

घशाचं इंजेक्शन मी पुढं ढकललं. तशी ती डॉक्टरीणबाईच म्हणाली की अंगात ताप असताना देता येणार नाही, आधी दाखल व्हा, छातीत न्यूमोनिया झाला आहे. प्रसेनजित गाडी घेऊन दारात उभा होता. मी गेले नाही. तिथं गेले आणि पुन्हा नळी घातली तर १२ तारखेला मी कुठं असेन सांगता येत नाही. गोळ्या घेते आहे, छाया सुई देणाऱ्या नर्सला घरी आणते. ओरडू नको. तुझ्या ओरडण्याला इथून उत्तर देता येत नाही, म्हणजे भांडण एकतर्फी होईल, त्यात मजा नाही.

आणि समजा इंजेक्शनने आवाज आला, आणि मी हाक मारली, आणि त्यांनी ओळखलं. मला ते हवं आहे. किती हवं आहे ते मी छायाला लिहू देत नाही. पण तोवर तू आलेली असावीस, जेवलेली असावीस, काजलने त्यांच्या पाया पडलेलं असावं. एकदा ‘माही पोरगी’ म्हणालेला माणूस ते परत घेणार नाही. बैठकीत दिलेला शब्द तोडायला त्याला बारा वर्षं लागली, हा दुसरा तोडायला तेवढं आयुष्य उरलेलं नाही.

तर आता तुला सांगते तसं कर. चिखलीला उतर, तिथून जीप मिळते. काजलला सोबत आण. दोघी पांढरं नेसा, त्यांना दिसणार नाही पण लोकांना दिसेल. बाहेर चप्पल काढलीस की आधी ओसरीवर जा. ते उभे असतील. तुझ्या डोक्यावरून हात फिरवतील, चेहऱ्यावरून फिरवतील, फिरवू दे. नाकापाशी थांबतील, नाक त्यांचंच आहे. रडायचं ते रड, आईसाठी रडते आहे असंच त्यांना वाटू दे.

मी आत चुलीपाशी असेन. ते तुला सांगतील, ही बाई भली आहे, हिनेच माझं केलं. तू मला नमस्कार कर आणि पाणी माग. मी देईन. त्या वेळी मला आई म्हणू नको, मंजू. तुला जड जाईल, पण म्हणू नको. माझ्याकडे हवं तेवढं बघ. बघितलेलं त्यांना ऐकू जात नाही.

तुझी,
आई